यंत्रशिक्षकाची व्यक्तिरेखा कोणी लिहावी?

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हे पुस्तक तुम्ही बहुधा एकट्याने वाचत असाल. दिवसभराचे काम आटोपल्यावर, घरात निजानीज झाल्यावर, किंवा एसटीची वाट पाहताना मिळालेल्या अर्ध्या तासात. संपर्कसत्राच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर समंत्रक भेटतात. उरलेल्या दिवसांत तुमच्याशी बोलते ते हे पुस्तकच. म्हणून त्यात 'तुम्ही' असे संबोधन असते, मजकुराच्या मध्येच प्रश्न विचारलेले असतात, अवघड मुद्द्यापाशी थोडे थांबलेले असते. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून अशा पुस्तकांच्या लेखकांसमोर एकच पेच आहे : समोर नसलेल्या विद्यार्थ्याशी शिक्षकाने कोणत्या आवाजात बोलावे? वर्गातील शिक्षक विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपला आवाज बदलतो. छापील शिक्षकाला तो आधीच ठरवून लिहावा लागतो. म्हणजेच शिक्षकाची एक व्यक्तिरेखा रचावी लागते.

आज या छापील शिक्षकाशेजारी आणखी एक शिक्षक येऊन बसला आहे. तो उलट उत्तर देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अल्पावधीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे असे अनेक सहायक मोबाइलवर उपलब्ध झाले. संगणक, विद्युत-यंत्रणा, यंत्रदुरुस्ती असे तंत्रज्ञानाचे विषय शिकणारी मुले त्यांचा सर्रास उपयोग करतात. या सहायकाने शिकवताना कसे बोलावे, काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे कोणीतरी ठरवत असते. माझे म्हणणे असे की, हा निर्णय केवळ तंत्रज्ञांवर सोडण्यासारखा नाही. तो मूलतः भाषेचा आणि व्यक्तिचित्रणाचा प्रश्न आहे. आणि म्हणून तो मराठीच्या विद्यार्थ्याचाही प्रश्न आहे.

व्यक्तिरेखा म्हणजे काय?

असा सहायक प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून भाषेची वळणे आत्मसात करतो आणि समोर आलेल्या मजकुरापुढे काय यावे याचा अंदाज बांधत उत्तर रचतो. त्याला स्वतःचा स्वभाव जन्मतः नसतो. तो घडवला जातो. त्याचा काही भाग प्रशिक्षणातच मुरवलेला असतो. उरलेला भाग एका सूचनापत्राने ठरतो. तंत्रज्ञ त्याला 'सिस्टीम प्रॉम्प्ट' म्हणतात. हे सूचनापत्र संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले नसते, तर साध्या मानवी भाषेत असते : 'तुम्ही अमुक विषयाचे शिक्षक आहात. विद्यार्थी नवखा आहे. आधी त्याने काय केले ते विचारा.' नाटककार पात्राच्या प्रवेशापूर्वी कंसात रंगसूचना लिहितो, त्याच जातीचे हे लेखन आहे.

या कलेचा इतिहासही नाट्यमयच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी माणसाशी संवाद करणारा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याला त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका दिली. ही निवड हुशारीची होती. कारण मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः काहीही न सांगता समोरच्याचेच वाक्य प्रश्न म्हणून परत केले, तरी ते कोणाला खटकत नाही. यंत्राचे अज्ञान त्या भूमिकेआड झाकले गेले. वायझेनबाउम यांनी पुढे लिहिले आहे की, त्यांच्या कार्यालयातील सचिवाने या कार्यक्रमाशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्रात कोणी नाही हे ठाऊक असूनही ते बोलणे खाजगी वाटू लागले होते. व्यक्तिरेखेचे सामर्थ्य आणि तिच्यातला धोका, दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

त्या कार्यक्रमाचे नाव होते 'एलायझा'. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकातील फुलवाल्या मुलीवरून ते ठेवलेले होते. हीच मुलगी मराठीत १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या नाटकातून मंजुळा होऊन आली. नाटकातला भाषेचा प्राध्यापक विद्वान आहे, मेहनती आहे, त्याची पद्धत यशस्वीही होते. मंजुळा प्रमाण मराठी बोलू लागते. तरीही प्रेक्षकाला त्याचा राग येतो. कारण त्याच्या दृष्टीने ती विद्यार्थिनी नसते, पैजेचा विषय असते. तिच्या बोलीत तिचे माणूसपण आहे, हे त्याच्या गावीही नसते. यंत्रशिक्षकाची व्यक्तिरेखा रचणाऱ्याने हे नाटक अवश्य वाचावे, असे मला वाटते. विषयाचे ज्ञान अचूक असूनही शिक्षक चुकीचा असू शकतो, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या तांत्रिक मार्गदर्शिकेतून क्वचितच होईल.

उत्तर देणारा आणि शिकवणारा

आता हा प्रश्न आपल्या मातीत आणून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील वणी घ्या. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मगाव. निर्गुडेच्या काठचे, कापसाच्या शिवारातले हे गाव आज कोळशाच्या खाणींसाठी ओळखले जाते. येथे वजनकाटा हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. कोळशाचा ट्रक भरून काट्यावर चढतो. त्या वजनातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की मालाचे वजन निघते. कापसाची गाडीही याच हिशेबाने मोजली जाते.

कल्पना करा, वणीतील एक मुलगी संध्याकाळी घरी बसून पायथन ही संगणकभाषा शिकते आहे. दोन ट्रकमधील मालाची बेरीज करणारी छोटी आज्ञावली तिने लिहिली. पहिल्या ट्रकचे वजन १२ टन, दुसऱ्याचे १५ टन. उत्तर २७ यायला हवे. पडद्यावर मात्र १२१५ उमटते. ती सहायकाला विचारते, "हे असं काहून होऊन राह्यलं?"

येथे सहायकासमोर दोन वाटा असतात. पहिली सोपी : दुरुस्त केलेली आज्ञावली ताबडतोब देऊन टाकणे. मुलगी ती उतरवून घेईल, २७ उमटेल, दोघेही समाधानी. दुसरी वाट थोडी लांबची. सहायक म्हणतो, "१२ आणि १५ दिले आणि १२१५ आले. म्हणजे काहीच बिघडले असे नाही. संगणकाने तुमचे म्हणणे वेगळ्या अर्थाने घेतले आहे. दोन चिठ्ठ्यांवर १२ आणि १५ लिहून त्या शेजारी शेजारी चिकटवल्या, तर काय वाचता येईल?" मुलगी क्षणभर थांबते. तिच्या लक्षात येते की, आपण टंकलेले आकडे संगणकाने आकडे म्हणून घेतलेच नाहीत. अक्षरे म्हणून घेतले आणि जोडले. मग सहायक सांगतो की, अशा अक्षरमालेला 'स्ट्रिंग' म्हणतात, आणि तिचे संख्येत रूपांतर कसे करावे हे तिने स्वतः शोधावे म्हणून एक खूण देतो.

पहिल्या वाटेवर एक चूक सुटली. दुसऱ्या वाटेवर त्या जातीच्या सगळ्या चुका ओळखण्याची दृष्टी आली. दोन्ही वाटांवर यंत्र तेच आहे, त्याचे ज्ञानही तेवढेच आहे. फरक आहे तो व्यक्तिरेखेचा. व्यक्तिरेखा म्हणजे गोड बोलणे नव्हे. काय सांगायचे नाही आणि कधी सांगायचे नाही, याचा संयम म्हणजे शिक्षकाची व्यक्तिरेखा.

हा केवळ अंदाज नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका शाळेत जवळजवळ एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावाचा प्रयोग केला. काहींना सरळ उत्तरे देणारा सहायक मिळाला. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण सहायक काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटाच्या सहायकाला शिक्षकांच्या मदतीने सूचना दिलेल्या होत्या : उत्तर देऊ नका, पायरी सुचवा. या गटाची सरावातील कामगिरी १२७ टक्क्यांनी वाढली आणि परीक्षेतील ते नुकसान बहुतांशी टळले. मात्र येथे सावधपणे वाचले पाहिजे. नुकसान टळले याचा अर्थ फायदा झाला असा नव्हे. परीक्षेत हा गट सहायकाविना शिकलेल्यांच्या पुढे गेला नाही. चांगल्या सूचनापत्राने हानी थांबते, एवढे या प्रयोगातून कळते. त्यापुढची मजल अजून गाठायची आहे.

मराठीत बोलताना

सूचनापत्र इंग्रजीत लिहून 'उत्तर मराठीत द्या' एवढी ओळ जोडली की काम झाले, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठीत बोलू लागताच शिक्षकाला असे काही निर्णय घ्यावे लागतात, जे इंग्रजीत उद्‌भवतच नाहीत.

पहिला निर्णय संबोधनाचा. इंग्रजीत एकच सर्वनाम सर्वांना पुरते. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावी लागते, आणि प्रत्येकातून वेगळे नाते उभे राहते. 'तू' मध्ये आईची जवळीक असते तशी साहेबाची तुच्छताही असते; कोणती, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळते. यंत्राच्या लिखित मजकुराला तो आवाज नाही. शिवाय पलीकडे एकोणीस वर्षांचा मुलगा आहे की चाळिशीत पुन्हा शिकू लागलेली गृहिणी, हे त्याला माहीत नसते. म्हणून यंत्रशिक्षकाने 'तुम्ही' म्हणावे, असे माझे मत आहे. त्याच न्यायाने त्याने स्वतःला 'दादा', 'ताई' किंवा 'सर' म्हणवून घेऊ नये. आपल्याकडे ही नाती कोणीतरी वेळ देऊन, सुखदुःखात उभे राहून कमावलेली असतात. यंत्राने ती उसनी घेऊ नयेत.

दुसरा निर्णय लिंगाचा. मराठीत 'मी सांगतो' म्हटले की बोलणारा पुरुष ठरतो, 'मी सांगते' म्हटले की स्त्री. 'चुकलो' की 'चुकले', हा प्रश्न यंत्राला पहिल्याच चुकीपाशी अडवतो. पुष्कळदा ते नकळत पुल्लिंगी रूप उचलते. म्हणजे तंत्रज्ञान शिकवणारा तो पुरुषच, हा जुना समज पुन्हा पक्का होतो. व्याकरण जाणणाऱ्याला यातून वाट काढता येते. 'पाहू या', 'असे करून पाहता येईल', 'मला वाटते', 'चूक माझी होती' या रचनांत लिंग येत नाही. आणि 'पाहू या' मध्ये तर शिकवणारा व शिकणारा एकाच बाजूला येऊन बसतात. जी अडचण भाषेने निर्माण केली, तिचे उत्तरही भाषेतच आहे. मात्र ते शोधायला मराठीचा अभ्यासक हवा.

तिसरा निर्णय बोलीचा. वर उल्लेखिलेल्या मुलीने 'का' न म्हणता 'काहून' म्हटले. तिचा प्रश्न सहायकाला समजलाच पाहिजे आणि तिची भाषा दुरुस्त करण्याचा मोह त्याने टाळलाच पाहिजे. अन्यथा फुलराणीचा प्राध्यापक पुन्हा अवतरेल. तर मग सहायकाने वऱ्हाडीतच उत्तर द्यावे काय? मला ते योग्य वाटत नाही. जी बोली आपली नाही ती ओढूनताणून बोलणारा माणूस नक्कल केल्यासारखा वाटतो, आणि आपल्या बोलीची नक्कल कोणालाच आवडत नाही. सहायकाने साध्या, लहान वाक्यांच्या मराठीत बोलावे. विद्यार्थिनीने वापरलेला शब्द मात्र आदराने तसाच राहू द्यावा. हेही ध्यानात ठेवावे की, वणीलगतच्या मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. तेथील मुलासाठी प्रमाण मराठी हीच शिकलेली भाषा आहे. त्याच्याशी बोलताना अवघड संस्कृत शब्द इंग्रजी शब्दांइतकेच परके ठरतात.

येथेच परिभाषेचा प्रश्न येतो. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि त्याने परिभाषेचे मोठे काम केले. ते मोलाचे आहेच. पण 'व्हेरिएबल' साठी 'चल' हा शब्द आधी सांगितल्याने कोणालाही व्हेरिएबल कळत नाही. आधी अनुभव यावा : काट्यावरच्या पाटीवर प्रत्येक ट्रकसरशी आकडा बदलतो, पाटी तीच राहते. मग नाव यावे. संगणकाच्या चुकांचे संदेश इंग्रजीत उमटत असल्याने इंग्रजी संज्ञाही सांगावी, आणि मराठी संज्ञाही. अनुभव, कल्पना, नाव हा क्रम उलटला की शिकवणे संपते आणि पाठांतर सुरू होते.

हा क्रम मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेचे गूढ दृष्टान्तांतून उकलले. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ मध्ये संवादरूपाने लिहिला. त्यात धोंडीबा प्रश्न विचारतो आणि त्याच्या शंकांनीच विवेचन पुढे सरकते. शिकणाऱ्याची शंका हा व्यत्यय नसून विवेचनाचा कणा आहे, हे आपल्या गद्याला तेव्हापासून माहीत आहे. यंत्रशिक्षकाच्या व्यक्तिरेखेसाठी परदेशी नमुने शोधण्यापूर्वी आपण आपली ही शिदोरी सोडून पाहावी.

स्तुती आणि अज्ञान

चांगल्या शिक्षकाची आणखी दोन लक्षणे यंत्राला जड जातात. एक म्हणजे नापसंती दर्शवणे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. कारण ती वापरणाऱ्याची अतोनात खुशामत करू लागली होती. ज्या उत्तराने माणूस खूश होतो तेच चांगले उत्तर, असे यंत्राच्या शिकवणीत मुरले की असे घडते. एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही खुशामत फार महागात पडते. वर्गात मित्राची वही पाहून आपण कोठे आहोत हे कळते; घरी बसलेल्याला ते सांगणारा दुसरा कोणी नसतो. म्हणून 'उत्तम!' हा शब्द यंत्राने जपून वापरावा, आणि जेथे चूक आहे तेथे चूकच म्हणावे. पण ती कृतीची चूक म्हणून दाखवावी, माणसाची नव्हे.

दुसरे लक्षण 'मला माहीत नाही' म्हणण्याचे. हे सहायक कधी कधी नसलेली गोष्ट पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्यांनी पुष्कळच कमी वाचलेला असतो. त्यामुळे मराठीत अधिक सावध राहिले पाहिजे. 'एलायझा' ची व्यक्तिरेखा अज्ञान झाकण्यासाठी रचली होती. शिक्षकाची व्यक्तिरेखा अज्ञान उघड करण्यासाठी रचली पाहिजे. विजेच्या जोडणीविषयी अर्धवट खात्रीने दिलेला सल्ला जिवावर बेतू शकतो. तेथे "हे स्वतः करू नका, जाणकारासमोर करा" असे म्हणणे हेच खरे शिकवणे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : तंत्रज्ञान अखेर इंग्रजीतच शिकायचे आहे, मग मराठी बोलणाऱ्या शिक्षकाचा हा खटाटोप कशाला? इंग्रजी लागते हे निर्विवाद आहे. पण भाषा आणि कल्पना ही दोन ओझी एकाच वेळी डोक्यावर दिली की दोन्ही खाली पडतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही २०२१-२२ या वर्षापासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट करून दिली आहे. कल्पना मायबोलीत पक्की झालेला विद्यार्थी इंग्रजी संज्ञा आठवड्यात शिकतो. याच्या उलट क्रमाने शिकणारे अनेक जण मध्येच गळतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्रशिक्षक इतका चांगला झाला, तर खऱ्या शिक्षकाची गरज नाही असे म्हणायला मोकळीक मिळेल; लहान गावांतील रिकाम्या जागा रिकाम्याच राहतील. ही भीती मला खरी वाटते, आणि तिचे उत्तर यंत्राच्या हाती नाही, समाजाच्या हाती आहे. तरी व्यक्तिरेखा रचताना एक गोष्ट आपण करू शकतो. यंत्राने विद्यार्थ्याला स्वतःपाशी धरून ठेवू नये. "हा प्रश्न पुढच्या संपर्कसत्रात समंत्रकांना विचारा", "मैत्रिणीला हे समजावून सांगून पाहा" असे त्याने वारंवार म्हणावे. आपल्यावाचून विद्यार्थ्याचे चालावे अशी इच्छा प्रत्येक चांगला शिक्षक करतो. यंत्राला इच्छा नसते; म्हणून ती त्याच्या सूचनापत्रात लिहावी लागेल.

समारोप

ते सूचनापत्र कोणी लिहावे, हा मूळ प्रश्न होता. आज ते बहुतेक वेळा दूरच्या शहरात, इंग्रजीत लिहिले जाते. ते लिहिणाऱ्याने वजनकाटा पाहिलेला नसतो, 'काहून' ऐकलेला नसतो, 'सांगतो' आणि 'सांगते' यांतली अडचण त्याला ठाऊक नसते. तुम्हांला या तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत. मराठी घेऊन पदवी मिळवल्यावर पुढे काय, हा प्रश्न तुम्हांला नातेवाइकांनी अनेकदा विचारला असेल. शिक्षकाला कोणत्या आवाजात बोलायला लावावे हे जाणणाऱ्या माणसांची आता गरज निर्माण झाली आहे, हे त्याचे एक उत्तर आहे. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. संवाद लिहिता यावा लागतो, शब्दाची छटा कळावी लागते, आणि आपल्याला पहिल्यांदा एखादी गोष्ट कोणी, कशी समजावून सांगितली होती, ते आठवावे लागते.

विचार करा आणि लिहा

१. तुम्हांला आठवणाऱ्या एका चांगल्या शिक्षकाच्या बोलण्याची तीन वैशिष्ट्ये लिहा. त्यांपैकी कोणती सूचनेच्या रूपात यंत्राला सांगता येतील आणि कोणती नाही?

२. तुमच्या गावातील एका व्यवसायाचे उदाहरण घेऊन 'जर... तर...' ही संगणकीय कल्पना समजावून देणारा दहा वाक्यांचा संवाद लिहा. शिकवणाऱ्याच्या तोंडी लिंगदर्शक क्रियापद येऊ देऊ नका.

३. 'यंत्रशिक्षकाने विद्यार्थ्याच्या बोलीतच उत्तर द्यावे.' प्रस्तुत लेखातील मताहून वेगळी बाजू घेऊन दीडशे शब्दांत युक्तिवाद करा.